दोन याद्यांतील समान किल्ल्यांच्या मूल्यांची तुलना : ट्रॉम्बे येथील रहिवास-पुराव्याच्या संदर्भात हॅश संरचनेचा विचार

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात एक लहानसा प्रश्न हमखास विचारला जातो. दोन हॅश दिलेले आहेत. दोहोंमध्ये समान असलेल्या किल्ल्या शोधा आणि त्या किल्ल्यांची मूल्ये परस्परांशी जुळतात किंवा नाही ते सांगा. पर्लसारख्या स्क्रिप्ट भाषेत या प्रश्नाचे उत्तर पाच-सहा ओळींत मावते. त्यामुळे विद्यार्थी ते लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि शिक्षकही त्यावर फारसा वेळ घालवीत नाहीत.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत, विशेषतः ट्रॉम्बेसारख्या भागात, हाच प्रश्न संगणकाशिवायही अनेक वर्षे सोडविला जात आला आहे. एका बाजूस जुनी मतदार यादी, दुसऱ्या बाजूस झोपड्यांच्या सर्वेक्षणाची नवी यादी, आणि मध्ये बोटाने ओळी जुळविणारा कारकून, असे त्याचे स्वरूप असते. उत्तर जुळले तर कुटुंब पात्र ठरते. न जुळल्यास अपात्र. प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे हॅशच्या तुलनेची रीत स्पष्ट करण्याचा व त्या पाच-सहा ओळींत कोणते निर्णय न बोलता घेतले जातात ते दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

ट्रॉम्बे आणि दोन याद्या

महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम, १९७१ अन्वये मुंबईतील झोपडपट्ट्यांचा कारभार चालतो. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाची स्थापना झाली व मोफत घरासाठी पात्रतेची कसोटी ठरली. १ जानेवारी १९९५ किंवा तत्पूर्वीच्या मतदार यादीत नाव असावे आणि त्या झोपडीत प्रत्यक्ष वास्तव्य असावे, अशी ती दुहेरी अट होती. पुढे ही तारीख १ जानेवारी २००० पर्यंत आणण्यात आली आणि त्यानंतर २०११ पर्यंतच्या रहिवाशांसाठी सशुल्क पुनर्वसनाची तरतूद करण्यात आली. सक्षम प्राधिकाऱ्याने तयार केलेल्या पात्र-अपात्र रहिवाशांच्या यादीस ‘परिशिष्ट-२’ म्हणतात. झोपडपट्टीतील बहुतेक कुटुंबांना शासकीय परिभाषेतील इतर काही माहीत नसले तरी हा शब्द माहीत असतो.

तारखेची अट म्हणजे संगणकाच्या भाषेत दोन याद्यांची तुलनाच होय. ट्रॉम्बेच्या बाबतीत ही तुलना विशेष अवघड का ठरते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

आजच्या अणुशक्तीनगरच्या परिसरात पूर्वी जनता कॉलनी नावाची मोठी वस्ती होती. भाभा अणुसंशोधन केंद्रास ती जागा हवी होती. रहिवाशांनी अनेक वर्षे विरोध केला. या लढ्यातूनच पुढे झोपडपट्टीवासीयांचे राष्ट्रीय नेते म्हणून ओळखले गेलेले जॉकिन अर्पुथम यांचे नेतृत्व उभे राहिले. अखेर आणीबाणीच्या काळात, मे १९७६ मध्ये, वस्ती पाडण्यात आली आणि लोकांना ट्रॉम्बे येथील चित्ता कॅम्प म्हणजेच ‘चीता कॅम्प’ येथे हलविण्यात आले. विस्थापितांची संख्या सुमारे ७०,००० सांगितली जाते. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईतील झोपड्यांची गणना होऊन ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले होते. लोक तेच राहिले, परंतु त्यांचा पत्ता, झोपडीचा क्रमांक आणि शेजार ही सर्व एका झटक्यात बदलली. ज्या यादीची किल्ली ‘झोपडी क्रमांक’ ही होती, ती यादी नव्या जागी निरुपयोगी झाली.

मतदार यादीचेही असेच झाले. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत ‘ट्रॉम्बे’ हा विधानसभा मतदारसंघ संपुष्टात आला व २००९ च्या निवडणुकीपासून या भागासाठी ‘अणुशक्ती नगर’ मतदारसंघ अस्तित्वात आला. त्यामुळे यादीतील भाग क्रमांक व अनुक्रमांक या दोन्ही गोष्टी बदलल्या. मतदार ओळखपत्राची कल्पना १९९३ मध्ये अमलात येऊ लागली. परंतु त्यावरील तिरप्या रेघांनी विभागलेले जुने लांब क्रमांक पुढे तीन अक्षरे व सात अंक अशा दहा चिन्हांच्या क्रमांकांनी बदलले गेले. म्हणजेच कोणतीही किल्ली सर्व काळ टिकलेली नाही. याचे परिणाम पुढे पाहू.

हॅशची रचना

इंग्रजीतील ‘हॅश’ या शब्दाचा मूळ अर्थ बारीक चिरून कालवणे असा आहे. मराठी स्वयंपाकघरातील खिमा त्याच्या बराच जवळचा. किल्लीतील अक्षरे अशीच चिरून, कालवून त्यांतून एक संख्या काढली जाते आणि ती संख्या स्मृतीतील खणाचा क्रमांक ठरविते. टपाल कार्यालयात पत्रे लावण्याचे खण असतात, त्याप्रमाणे. शोध घेताना सर्व पत्रे चाळावी लागत नाहीत. पत्त्यावरून थेट खण गाठता येतो. एकाच खणात दोन किल्ल्या आल्या तर खणातील मोजक्या नोंदींची मूळ किल्लीशी अक्षरशः तुलना केली जाते. आय.बी.एम. या कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली एका अंतर्गत टिपणात ही कल्पना मांडली होती. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल भाषा प्रसिद्ध केली तेव्हापासून ही रचना त्या भाषेचा कणा राहिली आहे.

याचा लाभ संख्येतच पाहावा. दोन्ही याद्यांत प्रत्येकी ५,००० नोंदी असतील व प्रत्येक नोंद दुसऱ्या यादीतील प्रत्येक नोंदीशी पडताळायची झाली, तर २ कोटी ५० लाख तुलना होतात. एक यादी हॅशमध्ये भरून दुसरीतील एकेक किल्ली विचारली, तर ५,००० वेळा भरणे व ५,००० वेळा विचारणे एवढ्यावर काम भागते.

तुलनेचा क्रम

जुन्या यादीच्या हॅशला %जुनी व नव्या यादीच्या हॅशला %नवी म्हणू. (पर्लला स्क्रिप्ट यूटीएफ-८ मध्ये असल्याचे सांगितल्यास अशी देवनागरी नावे खरोखरच चालतात. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांना हे आवर्जून दाखवावे, असे माझे मत आहे.) किल्ली म्हणून झोपडी क्रमांक आणि मूल्य म्हणून कुटुंबप्रमुखाचे नाव घेऊ.

%जुनी मधील किल्ल्या ‘कीज’ या क्रियेने एकामागून एक घ्याव्यात. प्रत्येक किल्ली %नवी मध्ये आहे काय, हे ‘एक्झिस्ट्स’ या क्रियेने विचारावे. नसेल तर ती ‘फक्त जुन्यात’ या गटात टाकावी. असेल तर दोन्ही मूल्ये ‘ईक्यू’ या चिन्हाने ताडून ‘समान’ किंवा ‘भिन्न’ गटात टाकावी. त्यानंतर उलट दिशेने %नवी मधील किल्ल्या फिरून ‘फक्त नव्यात’ असलेल्या वेगळ्या काढाव्यात. किल्ल्या कोणत्या क्रमाने येतील याचा भरवसा नसतो, पर्लच्या ५.१८ या २०१३ मधील आवृत्तीपासून तर तीच स्क्रिप्ट दोनदा चालविली तरी क्रम बदलतो. म्हणून छापण्यापूर्वी किल्ल्या क्रमवारीत लावून घ्याव्यात.

पाठ्यपुस्तकातील प्रश्न येथे संपतो. पुष्कळदा तर तो ‘समान’ व ‘भिन्न’ या दोन गटांतच संपतो आणि उरलेले दोन गट विसरले जातात. परिशिष्टाच्या दृष्टीने पाहता हे दोन गटच सर्वांत बोलके आहेत. ‘फक्त जुन्यात’ म्हणजे जे येथे होते व आता सापडत नाहीत. ‘फक्त नव्यात’ म्हणजे जे येथे आहेत परंतु ज्यांच्याकडे पुरावा सापडत नाही.

पर्लमधील काही सापळे

नावांची तुलना ‘ईक्यू’ ऐवजी == या चिन्हाने केली तर काय होते? == हे चिन्ह दोन्ही बाजूंना प्रथम संख्येत बदलते. ‘शेख’ या शब्दाची संख्या शून्य, ‘पवार’ या शब्दाचीही शून्य. म्हणून शेख आणि पवार समान! संपूर्ण वस्तीची नावे बिनचूक जुळल्याचा अहवाल हाती येतो. स्क्रिप्टच्या आरंभी इशारे चालू ठेवले असतील तर पर्ल तक्रार करते. नसतील तर ती गप्प राहते. झोपडी क्रमांकांच्या बाबतीत हा दोष अधिक फसवा आहे. आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेले ‘बारा-अ’ आणि ‘बारा-ब’ हे दोन्ही बारा या संख्येत बदलतात आणि शेजारची दोन घरे एक होतात. देवनागरी अंकांतील ‘१२’ आणि ‘१३’ तर दोन्ही शून्य ठरतात, कारण संख्येत रूपांतर करताना पर्ल केवळ आंतरराष्ट्रीय अंक ओळखते. गंमत अशी की नमुनाशोधात हीच भाषा देवनागरी अंकाला ‘अंक’ म्हणून मान्यता देते. त्यामुळे तपासणीत क्रमांक शुद्ध ठरतो आणि तुलनेत तो शून्य होतो.

दुसरा सापळा अस्तित्वाचा आहे. ‘किल्ली आहे काय’ हे विचारण्याऐवजी अनेकजण ‘मूल्य खरे आहे काय’ असे विचारतात. रिकामे मूल्य आणि शून्य ही दोन्ही पर्लमध्ये असत्य मानली जातात. सर्वेक्षणाच्या दिवशी घर बंद होते म्हणून नावाचा रकाना रिकामा राहिला असेल, तर ती झोपडी यादीत असूनही नसल्याचे दाखविले जाईल. बंद घर आणि नसलेले घर यांत मोठे अंतर आहे.

तिसरा सापळा माझ्या मते सर्वांत घातक आहे. प्रत्येक झोपडीखाली नाव, ओळखपत्र क्रमांक, क्षेत्रफळ असे अनेक रकाने ठेवायचे असतील तर हॅशच्या आत हॅश ठेवावा लागतो. अशा वेळी ‘नव्या यादीत या झोपडीचे नाव आहे काय’ असे आतल्या पातळीवर विचारले आणि ती झोपडीच नव्या यादीत नसेल, तर पर्ल उत्तर देण्यापूर्वी तिच्यासाठी बाहेरची रिकामी नोंद स्वतःहून तयार करते. विचारल्यानेच ती झोपडी यादीत येते. त्यानंतर ‘फक्त जुन्यात’ हा गट काढू गेल्यास तो रिकामा निघतो, कारण गळालेल्या प्रत्येक झोपडीची भुताटकी नोंद नव्या यादीत उभी असते. उपाय सोपा आहे. आधी बाहेरची किल्ली विचारावी, ती असेल तरच आत शिरावे.

शिवाय हॅशमध्ये एका किल्लीस एकच मूल्य असते. खाली एक कुटुंब व माळ्यावर दुसरे कुटुंब अशी रचना या भागात नित्याची आहे. दोघांचा झोपडी क्रमांक एकच असल्यास नंतर वाचलेली नोंद आधीच्या नोंदीवर चढते आणि पहिले कुटुंब कोणताही इशारा न देता पुसले जाते. म्हणून किल्लीखाली एकेरी मूल्य न ठेवता मूल्यांची यादी ठेवावी आणि भरतानाच पुनरावृत्त किल्ल्यांची वेगळी नोंद करावी.

दिसते एक, असते वेगळे

येथवरचे दोष स्क्रिप्टचे होते. नाव हीच किल्ली करावयाची झाल्यास, जशी ती चीता कॅम्पसारख्या हलविलेल्या वस्तीत करावी लागते, दोष लिपीत शिरतात.

हॅश किल्लीचा अर्थ पाहत नाही, तो तिच्या संकेतांकांची माळ पाहतो. ट्रॉम्बे परिसरात कोळी, तमिळ, मल्याळी, उत्तर भारतीय, मुस्लिम, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती आहे. ‘ॲन्थनी’ हे नाव घेऊ. यातील पहिले अक्षर ‘अ’ या अक्षरावर चंद्र देऊन, म्हणजे दोन संकेतांकांनी, लिहिता येते. अथवा युनिकोडच्या ५.१ या २००८ मधील आवृत्तीत आलेल्या स्वतंत्र एकाच संकेतांकानेही लिहिता येते. पडद्यावर व कागदावर दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडचे प्रमाणीकरण ही दोन रूपे एक मानीत नाही. तेव्हा या कामासाठी तो नियम आपल्या स्क्रिप्टमध्ये स्वतः लिहावा लागतो. ‘गोऱ्हे’, ‘बऱ्हाटे’ यांतील ‘ऱ्ह’ सुद्धा दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात न दिसणारे जोडचिन्ह असते. याउलट नुक्ता असलेले ‘ज़’ एकत्रित व विभक्त अशा दोन रूपांत येते, परंतु प्रमाणीकरणाने ती दोन्ही एक होतात. काही भेद यंत्र मिटवील आणि काही आपल्याला मिटवावे लागतील. ते कोणते, याची यादी आधीच करून ठेवणे इष्ट.

फाइलीच्या पातळीवरील बारीकसारीक गोष्टीही येथेच नोंदवितो. एक्सेलमधून काढलेल्या यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी पुष्कळदा एक अदृश्य चिन्ह असते. ते पहिल्या किल्लीला चिकटते व यादीतील पहिले घर कधीच जुळत नाही. विंडोजवर तयार झालेल्या ओळीच्या शेवटी राहिलेले परतचिन्ह शेवटच्या रकान्याला चिकटते आणि त्या रकान्यातील सर्व मूल्ये भिन्न ठरतात. एक्सेल क्रमांकाच्या आरंभीची शून्येही खाते. ‘०१२’ व ‘१२’ या हॅशच्या दृष्टीने दोन वेगळ्या किल्ल्या आहेत. सर्व काही जुळते किंवा काहीच जुळत नाही, असा निकाल आल्यास वस्तीवर संशय घेण्यापूर्वी फाइलीवर घ्यावा.

त्यानंतर येते शुद्धलेखन. ‘मोहम्मद’, ‘महंमद’, ‘मुहम्मद’ आणि नुसते ‘मो.’ ही एकाच माणसाची चार रूपे असू शकतात. ‘शेख’चे ‘शैख’, ‘मुरुगन’चे ‘मुरूगन’ होते. तमिळ कुटुंबांत आडनावाची रीत सर्वत्र नाही. पित्याच्या नावाचे आद्याक्षर पुढे लावले जाते. मराठी यादीत मात्र आडनावाचा रकाना भरावाच लागतो. त्यामुळे ‘एम. लक्ष्मी’ ही व्यक्ती दुसऱ्या यादीत ‘मुरुगन लक्ष्मी’ वा ‘लक्ष्मी मुरुगन’ अशी अवतरते. (ही नावे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत.) नाव चुकीचे लिहिणारा बहुधा यादीकार असतो आणि त्याची किंमत मात्र ज्याचे नाव आहे तो मोजतो.

ऱ्हस्व-दीर्घ एक करणे, श-ष-स एक मानणे, अनुस्वार व पंचमवर्ण यांची सांगड घालणे अशा नियमांनी नावाचा सांगाडा तयार करून त्यावर जुळणी करता येते. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली पेटंट घेतलेली ‘साउंडेक्स’ पद्धत याच विचाराची होती. ती इंग्रजी उच्चारांसाठी असल्याने येथे जशीच्या तशी चालणार नाही. परंतु अशा सांगाड्याचा उपयोग संभाव्य जोड्या सुचविण्यापुरताच करावा. सैल सांगाड्याने ‘सलमा’ व ‘सलीम’ही एक होऊ शकतात. एका वस्तीत एकाच नावाच्या अनेक व्यक्ती असतात, हेही विसरता कामा नये. नावाच्या सांगाड्यास पित्याचे वा पतीचे नाव आणि वय यांची जोड दिली तर किल्ली बरीच विश्वसनीय होते. वय ताडताना दोन याद्यांमधील वर्षांचे अंतर वजा करून एक-दोन वर्षांची सूट द्यावी.

मूल्य भिन्न आले तर

किल्ली जुळली, मूल्य भिन्न आले. याचा अर्थ काय? झोपडी तीच आहे आणि १९९५ च्या यादीत पतीचे नाव असून आजच्या सर्वेक्षणात पत्नीचे आहे, अशी नोंद घेऊ. पती निवर्तला असेल. घर विकले जाऊन नव्या मालकिणीने घेतले असेल. किंवा पती कामावर असताना सर्वेक्षक आला म्हणून घरी असलेल्या स्त्रीचे नाव लिहिले गेले असेल. तिन्ही प्रसंगी स्क्रिप्ट एकच शब्द छापते : ‘भिन्न’. पहिल्या प्रसंगी वारसाहक्काचा प्रश्न आहे, दुसऱ्यात हस्तांतरणाचा, तिसऱ्यात काहीच प्रश्न नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र आहे. विवाहानंतर मधले नाव व आडनाव बदलते. काही घरांत पहिले नावही बदलते. माहेरच्या नावाने जुन्या यादीत असलेली आणि त्याच गल्लीत सासर असलेली स्त्री ‘फक्त जुन्यात’ आणि ‘फक्त नव्यात’ अशा दोन्ही गटांत एकाच वेळी दिसते. स्क्रिप्टच्या लेखी ती निघून गेलेली एक व नव्याने आलेली दुसरी अशा दोन व्यक्ती आहेत. हे दोन गट पुन्हा एकमेकांशी वय व पहिल्या नावाचा सांगाडा यांवरून ताडून पाहिल्यास अशा काही जोड्या हाती लागतात. पहिले नाव बदललेल्या स्त्रीसाठी हाही मार्ग बंद असतो. तेथे विवाह नोंदणी वा शिधापत्रिका पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणूनच अशा स्क्रिप्टने ‘पात्र’ वा ‘अपात्र’ हे शब्द छापू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिने ‘समान’, ‘भिन्न’, ‘फक्त जुन्यात’, ‘फक्त नव्यात’ व ‘पुनरावृत्त’ एवढेच म्हणावे आणि भिन्न नोंदीपुढे दोन्ही मूल्ये, ती ज्या यादीत ज्या पानावर व ओळीत आहेत त्यांसह, मूळ लेखनात छापावीत. सांगाड्याचे रूप छापू नये. सांगाडा पाहून अधिकाऱ्याला वा रहिवाशाला काहीच बोध होत नाही. मूळ लेखन समोर असले तर ‘साहेब, हे माझ्या वडिलांचेच नाव, यादीत काना राहिला आहे’ एवढे सांगण्याची संधी त्याला मिळते.

स्क्रिप्ट हाती देण्यापूर्वी एक पडताळा घ्यावा. समान, भिन्न आणि फक्त जुन्यात या तीन गटांची बेरीज जुन्या यादीतील वेगळ्या किल्ल्यांच्या संख्येइतकी असलीच पाहिजे. समान, भिन्न आणि फक्त नव्यात यांची बेरीज नव्या यादीतील किल्ल्यांइतकी. मग दोन्ही याद्यांची अदलाबदल करून तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवावी. समान व भिन्न गट जसेच्या तसे यावेत व उरलेल्या दोन गटांची केवळ नावे बदलावीत. तसे न झाल्यास बहुधा भुताटकी नोंद किंवा चढलेली नोंद यांपैकी एक कारण असते. बेरीज जुळल्यावर भिन्न नोंदींचा तक्ता छापावा आणि त्यात शेवटचा एक रुंद रकाना प्रत्यक्ष घरी जाऊन केलेल्या चौकशीसाठी कोरा ठेवावा.